रिपोर्ट हातात, आजार मात्र गुलदस्त्यात. निदान होतं कसं आणि चुकतं कुठं?

नांदेड : २०२५ च्या जानेवारीत टीव्हीवर आणि मोबाईलवर ‘नांदेड’ हे नाव एका अवघड नावाच्या आजाराबरोबर सारखं झळकत होतं. गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. नुसता मथळा वाचणाऱ्याचा गोंधळ उडावा अशीच ती बातमी होती. ते नांदेड आपलं नव्हतं. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर नांदेड नावाचं गाव आहे. तिथं, शेजारच्या किरकटवाडीत आणि धायरीच्या भागात या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडत होते. पुढच्या दोन महिन्यांत पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली.

नावाचा घोळ मिटला आणि आपल्याकडं तो विषय संपला. पण त्या प्रकरणात एक गोष्ट अशी होती जी नांदेड, लातूरच्या प्रत्येक गावाच्या कामाची आहे. डॉक्टरांना हा आजार कळला कसा? रक्ताच्या एका रिपोर्टवर जीबीएस ओळखता येत नाही. तशी साधी चाचणीच नाही. तरी तो ओळखला गेला. कसा, ते पाहिलं तर आपल्याकडं आजार ओळखायला उशीर कुठं होतो हेही लक्षात येतं.

तीन पायऱ्या

जीबीएसचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा म्हणतो, पाय जड पडलेत, जिना चढवत नाही. डॉक्टर आधी विचारतात : कधीपासून? पायापासून सुरू होऊन वर चढतंय का? मागच्या दोन-तीन आठवड्यांत जुलाब झाले होते का? इथंच निम्मा अंदाज येतो. कारण हा आजार बऱ्याचदा पोटाच्या संसर्गानंतर काही दिवसांनी उठतो.

मग तपासणी. डॉक्टर छोटा रबरी हातोडा गुडघ्याच्या वाटीखाली मारतात. निरोगी माणसाचा पाय झटक्यानं उडतो. जीबीएसमध्ये तो उडत नाही किंवा कमी उडतो. हातोड्याला ना वीज लागते ना इंटरनेट.

चाचण्या येतात त्यानंतर. नसांना हलका करंट देऊन त्यांचा वेग मोजतात. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून त्यात प्रथिनं वाढलीत का ते बघतात. गंमत अशी की पहिल्या आठवड्यात हे पाणी नॉर्मलही येऊ शकतं. म्हणजे नुसत्या कागदावर भरवसा ठेवला तर रुग्ण घरी परत जाईल आणि इकडं अशक्तपणा छातीपर्यंत चढून श्वास अडकेल. पुण्यात काही रुग्णांच्या शौचाचे नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले, तेव्हा कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. त्यावरून बोट पाण्याकडं गेलं.

विचारणं, हात लावून तपासणं आणि मग चाचणी. निदानाच्या या तीन पायऱ्या. आपल्या गावांत पहिली घाईत उरकते, मधली गळून पडते आणि सगळा भार तिसरीवर येतो.

कोष्टवाडीत काय दिसलं

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ६ फेब्रुवारी २०२४ ला एकादशी होती. लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत बाळूमामांच्या कार्यक्रमात आसपासच्या गावांतले लोक महाप्रसादाला जमले. रात्र सरता सरता उलट्या, जुलाब सुरू झाले. त्या वेळच्या बातम्यांनुसार सुमारे दोन हजार लोकांना त्रास झाला. लोह्याच्या रुग्णालयापासून विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयापर्यंत खाटा भरल्या.

दोन हजार माणसांचं रक्त तपासून तिथं इलाज सुरू झाला नाही, तसा तो होऊही शकत नाही. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, किती तासांनी उलटी झाली, ज्यानं खाल्लं नाही त्याला काही झालं का, या चार प्रश्नांवर विषबाधेचं निदान उभं राहतं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या लागल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो. आठ-दहा तासांच्या पुढं जुलाब लागले तर पोटात जंतू वाढल्याचा. प्रयोगशाळेत गेलेले नमुने पुढं कारण पक्कं करायला लागतात. जीव वाचतो तो वेळेवर दिलेल्या ओआरएसनं आणि सलाईननं.

शेगावचा गहू आणि जालन्याचा डॉक्टर

दुसरं प्रकरण बुलढाणा जिल्ह्यातलं. डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीनं हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत डोकं साफ. जानेवारीच्या २० तारखेपर्यंत १८ गावांतल्या २७९ लोकांना हा त्रास झाला. मोबाईलवर त्याला ‘टक्कल व्हायरस’ असं नावही पडलं.

सुरुवातीला बुरशीचा संशय आला. पाण्यात नायट्रेट जास्त निघालं, तेव्हा पाण्यावर ठपका आला. आयसीएमआरची पथकं आली. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही स्वतः जाऊन रुग्ण पाहिले. त्यांनी रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासून घेतला. रक्तात सेलेनियम नावाचं खनिज नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त आणि जस्त कमी निघालं. रेशनच्या गव्हात स्थानिक गव्हाच्या ६०० पट सेलेनियम असल्याचं त्यांनी सांगितलं. केसगळतीचं कारण हाच गहू, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

सेलेनियमची चाचणी नेहमीच्या रक्त तपासणीत येत नाही. घरात काय शिजतं, एकाच घरातल्या किती जणांना झालं, गहू कुठला, हे विचारल्याशिवाय ती चाचणी करायचं कुणाच्या डोक्यातच येणार नाही.

बावस्कर मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून नोकरी करताना विंचू चावलेले रुग्ण मरताना त्यांनी पाहिले. रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद ठेवली. त्यातून विंचवाचं विष हृदयावर कसं काम करतं ते त्यांना कळलं आणि प्राझोसिन या स्वस्त गोळीनं मृत्यू रोखता आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम सुरू झालं ते खेड्यातल्या आरोग्य केंद्रात, बीपीचं मशीन आणि वही हाताशी ठेवून.

प्रत्येक ताप ‘टायफॉईड’ कसा?

आता रोजच्या गोष्टीकडं येऊ. पावसाळ्यात गावात ताप आला की दुसऱ्या दिवशी ‘टायफॉईड निघाला’ हे ठरलेलंच. हा टायफॉईड बहुतेक वेळा विडाल नावाच्या चाचणीवर निघतो. ही चाचणी १८९६ सालची आहे. ती जंतू शोधत नाही. जंतूशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. आपल्यासारख्या भागात, जिथं पाण्यातून हे जंतू अधूनमधून पोटात जातच असतात, तिथं धडधाकट माणसाच्या रक्तातही ही प्रतिद्रव्यं सापडतात. उलट खरा टायफॉईड असेल तर पहिल्या आठवड्यात विडाल निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून एका विडालवर निदान पक्कं धरू नये, असंच वैद्यकशास्त्र सांगतं.

टायफॉईड पक्का करायचा तर ब्लड कल्चर लागतं. तेही अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घेतलेलं बरं. रिपोर्टला दोन ते पाच दिवस लागतात. पण बहुतेक वेळा गडी आधीच दोन सुया आणि एक सलाईन घेऊन आलेला असतो. मग कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि खरं काय होतं ते कायमचं गुलदस्त्यात राहतं.

यात धोका असा की ‘टायफॉईड’चा शिक्का बसला की बाकीचे ताप बघायचे राहून जातात. स्क्रब टायफसचंच घ्या. गवतात, झुडपात राहणाऱ्या चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्यानं हा ताप येतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्यानं बरेच बळी घेतले. चावलेल्या जागी काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, बाईमाणसाच्या छातीखाली ती सापडते. प्रत्येकालाच खपली असते असं नाही. पण असली आणि डॉक्टरनं कपडे बाजूला करून बघितली तर अर्ध्या मिनिटात दिशा कळते. डॉक्सिसायक्लिन नावाची स्वस्त गोळी त्यावर चालते. टेबलापलीकडून चिठ्ठी लिहिणाऱ्याला ती खपली कधीच दिसणार नाही.

पेशींचा आकडा आणि पोटदुखी

डेंग्यूत तसंच. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम ही चाचणी उपयोगाची. चुकीच्या दिवशी चुकीची चाचणी केली तर डेंग्यू असूनही निगेटिव्ह येतो. पट्टीवर दहा-पंधरा मिनिटांत होणाऱ्या रॅपिड टेस्टवर सरकारी कार्यक्रमही पक्कं निदान धरत नाही, एलायझा चाचणी करून घेतो.

पण घरात सगळ्यांचं लक्ष ‘पेशी किती’ यावर. निरोगी माणसात त्या दीड लाख ते साडेचार लाख असतात. ऐंशी हजारावर आल्या की पाव्हण्यांचे फोन सुरू होतात. खरा धोका बऱ्याचदा ताप उतरल्यावर सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लेकरू सुस्त होणं, ही खरी घंटा. पेशी एक लाख असून पोट दुखत असेल तर तो रुग्ण जास्त जोखमीचा, आणि पेशी पन्नास हजार असून जेवतोय, लघवीला नीट होतेय तर त्याला निव्वळ आकड्यापायी पेशी चढवत नाहीत. हा फरक कागद सांगत नाही. पोटावर हात ठेवून, नाडी बघून तो कळतो.

साप चावला तर काचेची नळी

सोयाबीन काढणी, हळदीला रात्रीचं पाणी, जागल. आपल्याकडं साप चावण्याचा धोका या कामांत असतोच. इथं चाचणी इतकी साधी आहे की ती कोणत्याही आरोग्य केंद्रात होऊ शकते. रुग्णाचं दोन मिली रक्त नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष भिनलंय असं समजून प्रतिविष सुरू करतात. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणानं धुतलेली असली तर उत्तर चुकतं.

मण्यार चावली तर मात्र या नळीतलं रक्त गोठतं. कारण तिचं विष नसांवर जातं. ती बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, दातांचे वणही दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन खाली पडतात, गिळता येत नाही. ‘पोट दुखतंय’ म्हणून गोळी घेऊन घरीच थांबलेल्यांचा जीव गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. इथं निदान एका प्रश्नावर आहे : रात्री खाली झोपला होतात का?

छातीतला ‘गॅस’

छाती भरून आली, घाम फुटला की सोडा किंवा ॲसिडिटीची गोळी घ्यायची, हा घराघरातला पहिला इलाज. त्यात दोन-चार तास जातात. दवाखान्यात ईसीजी काढला आणि तो नॉर्मल आला तरी हार्ट अटॅक नाहीच असं होत नाही. पहिला ईसीजी साफ येऊ शकतो. म्हणून थोड्या वेळानं तो परत काढतात. ट्रोपोनिन नावाची रक्त तपासणीही दुखणं सुरू झाल्यावर काही तासांनी वाढते, लगेच नाही. म्हणून ‘दुखायला नक्की किती वाजता लागलं’ याचं खरं उत्तर रिपोर्टइतकंच मोलाचं असतं. शुगरच्या रुग्णांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर अटॅकमध्ये छाती दुखेलच असंही नाही.

‘नॉर्मल’ची रेघ

गावात शिबिर लागतं. एकाच रक्तात साठ-सत्तर तपासण्या, स्वस्तात पॅकेज. रिपोर्टमध्ये काही आकडे ठळक छापून येतात आणि घरात घोर लागतो. ही ‘नॉर्मल’ची रेघ बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांतल्या शंभरातल्या पंच्याण्णव जणांवरून आखलेली असते. म्हणजे उरलेले पाच जण ठणठणीत असूनही रेघेबाहेर जातात. ठणठणीत माणसाच्या वीस तपासण्या केल्या तर सरासरी एखादी रेघेबाहेर निघणारच. संशय नसताना केलेली चाचणी आजारापेक्षा भीती जास्त शोधते.

याचा अर्थ तपासण्या करूच नयेत असा कुणी काढू नये. तिशीनंतर बीपी, शुगर बघायलाच हवी. फक्त रीत पाळायला हवी. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, लगेच आधी चहा, तंबाखू नको. दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यापुढं आलं तर ते धरायचं. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा त्यापुढं आली आणि काही लक्षण नसेल तर परत एकदा तपासून मगच मधुमेहाचा शिक्का मारतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करायलाच हवी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं ट्रूनॅट हे छोटं मशीन बॅटरीवर चालतं आणि क्षयाचा जंतू नेमका पकडतं. किनवट, माहूरच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलची तपासणी लग्नाआधी झाली तर पुढच्या पिढीचे हाल टळतात.

मधली पायरी का गळाली?

दोष एकट्या डॉक्टरच्या माथी मारून भागणार नाही. नियमानं ३० हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. बाजाराच्या दिवशी बाहेर शंभर माणसं उभी असतात. एका माणसाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. खासगीत जावं तर सुई-सलाईन न देणारा डॉक्टर लोकांनाच ‘बरोबर’ वाटत नाही. नीट विचारपूस करून ‘दोन दिवस थांबा, पाणी प्या’ म्हणणाऱ्याची फी द्यायला जीवावर येतं, आणि दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे तपासणीला मुकाट्यानं दिले जातात.

उशिराचा शेवट कुठं होतो ते नांदेडनं पाहिलंय. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ मृत्यू झाले. त्यात १२ नवजात बाळं होती. औषधं आणि मनुष्यबळ यांवरून रान उठलं, उच्च न्यायालयानं दखल घेतली. बरेच रुग्ण लांबून आणि अखेरच्या अवस्थेत आले होते, असं तेव्हा रुग्णालय प्रशासनानं सांगितलं. त्यानं व्यवस्थेची जबाबदारी कमी होत नाही. पण ‘अखेरच्या अवस्थेत’ या शब्दांत खालच्या प्रत्येक टप्प्यावर न झालेलं निदान दडलेलं आहे. आजार तालुक्यालाच, वेळेवर ओळखला गेला असता तर त्यातली काही गाडी विष्णुपुरीला पोचायच्या आधीच वळली असती का, हा प्रश्न दोन दिवसांच्या बातमीत विरून गेला.

गावकऱ्याच्या हातात काय?

बरंच काही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. ‘महालॅब’ योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रातून, ग्रामीण रुग्णालयातून नमुने नेऊन तपासून देतात. बाहेर पैसे भरायच्या आधी तिथं विचारायला हरकत नाही.

लॅबच्या रिपोर्टवर सही कुणाची आहे ते बघा. ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. नुसता शिक्का किंवा टेक्निशियनची सही पुरत नाही.

दवाखान्यात जाताना चार गोष्टी एका कागदावर लिहून न्या : त्रास कधी सुरू झाला, आधी काय झालं आणि मग काय, कोणत्या गोळ्या-सुया घेतल्या, घरात-शेजारी आणखी कुणाला आहे का. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. फवारणी केली असेल, दारू घेतली असेल, दिवस गेलेले असतील तर लपवू नका.

आणि डॉक्टरांना सरळ विचारा : “साहेब, तुम्हाला कशाचा संशय आहे? ही तपासणी कशासाठी? नॉर्मल आली तर पुढं काय?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्या तपासणीनं इलाजात काहीच बदल होणार नाही, तिच्यासाठी खिशात हात घालायच्या आधी हे विचारलेलं बरं.